घरातल्या ज्येष्ठांच्या आठवणी नोंदवून ठेवायच्या आहेत: काय विचारायचं, कसं जपायचं?

पागोळी
ऐंशी ओलांडलेल्या माणसांकडून त्यांच्या लहानपणाच्या, घरातल्या रीतीभातींच्या आठवणी नीट नोंदवून ठेवायच्या असतील तर सुरुवात कुठून करावी? "तुमच्या लहानपणाबद्दल सांगा" असं विचारलं की बहुतेक जण "साधं होतं सगळं, कष्ट होते पण समाधान होतं" एवढं बोलून थांबतात. त्याच्या पुढे कसं जायचं, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न तांत्रिक: फोनवर केलेलं ध्वनिमुद्रण पुरतं का, आणि ते वीस-तीस वर्षं टिकवायचं कसं? जुने फोटो आणि कागदही आहेतच. पण खरी अडचण पुढे आहे. या माणसांनी काय मोलाचं मानलं आणि त्यांना काय व्हायचं होतं, हे विचारायचं कसं? थेट विचारलं तर भाषण मिळतं, नाहीतर मौन. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

ओसरी
घरापासून सुरुवात करा, माणसापासून नको. एक मोठा कोरा कागद आणि पेन्सिल घ्या आणि ज्या घरात त्यांचं लहानपण गेलं त्याचा नकाशा त्यांच्या सांगण्यावरून काढायला लागा. "ओटीवरून आत आलं की उजव्या हाताला काय?" "धान्याचं बळद कुठे होतं?" "न्हाणीघराचं पाणी कुठे जायचं?" तुम्ही मुद्दाम चुकीच्या जागी चूल काढलीत तर समोरचा माणूस पेन्सिल हातातून काढून घेतो आणि स्वतः दुरुस्त करतो. तिथून आठवणी यायला लागतात, कारण चूल म्हटली की ती कोण पेटवायचं, सरपण कोण आणायचं, धुराने कोणाचे डोळे गेले हे सगळं ओघाने येतं.

नकाशात प्रत्येक माणसाची झोपायची जागा लिहा. हा एकच प्रश्न तासभर पुरतो. सासरी आलेली मुलगी कुठे झोपायची, विधवा आत्या कुठे, गडी कुठे, बाळंतिणीची खोली कोणती. घरातली उतरंड या जागांवरून जशी कळते तशी विचारून कधी कळत नाही.

उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात आठपर्यंत आकडे मोजा. म्हातारी माणसं थांबून पुन्हा सुरू करतात, आणि दुसऱ्यांदा सुरू केल्यावर जे येतं ते पहिल्यापेक्षा खोलातलं असतं. साल चुकलं, नाव चुकलं तरी मध्येच दुरुस्त करू नका, वहीत टिपून ठेवा आणि शेवटी विचारा.

ध्वनिलहर
मुद्रणाबद्दल लिहितो. आजकालचा कुठलाही बरा फोन पुरतो. बिघडतं ते आजूबाजूच्या आवाजाने आणि फोन लांब ठेवल्याने.

दोन-चारशे रुपयांचा वायरचा कॉलर माइक घ्या आणि हनुवटीखाली साधारण एका वितेवर लावा. साडी असेल तर पदराच्या वरच्या थरावर नको, पदर घासत राहतो आणि ती खरखर नंतर काढता येत नाही. ब्लाउजच्या काठाला लावून वायर मागे घ्या. माळ, मंगळसूत्र माइकला लागत नाही ना ते बघा. बांगड्यांचा आवाज टाळता येत नाही, तो राहू द्या, पण हात मांडीवरच्या उशीवर असले तर पुष्कळ कमी होतो.

फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल आला की काही फोनमध्ये मुद्रण थांबतं आणि ते कळतही नाही. फोन टेबलावर ठेवायचा तर खाली घडी केलेला टॉवेल घाला, म्हणजे टेबलावर हात आपटल्याचा दणका माइकपर्यंत जात नाही. फरशीच्या मोठ्या हॉलपेक्षा गादी, पडदे आणि कपड्यांचं कपाट असलेली झोपायची खोली बरी, तिथे आवाज घुमत नाही. पंखा बंद ठेवा. फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर बंद करा, आणि गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायची आठवण राहते.

सुरुवातीला तीस सेकंद कोणीही न बोलता नुसती खोली मुद्रित करा. पुढे घरघर काढायची वेळ आली तर संगणकाला हा नमुना लागतो. मग स्वतःच्या आवाजात तारीख, ठिकाण, कोण बोलतंय, कोण विचारतंय आणि खोलीत आणखी कोण बसलंय ते बोला. फाइलचं नाव बदलतं, हरवतं, पण आवाजात सांगितलेली तारीख त्याच फाइलमध्ये राहते.

पर्याय असेल तर वेव्ह फाइल ठेवा: ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. तासाला सुमारे ३४५ एमबी होतात. तीच १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये ५८ एमबीच्या आसपास. बोलण्यासाठी एमपी३ सुद्धा चालते, पण मूळ प्रत मोठी ठेवा आणि वाटायला लहान करा.

कुंदकळी
पंखा बंद ठेवायचा हे समजलं, पण मे महिन्यात विदर्भात ऐंशी वर्षांच्या माणसाला बिनपंख्याचं कसं बसवणार?

ध्वनिलहर
कुंदकळी, बसवूच नका. सकाळी सात ते नऊ घ्या. तरीही उकडत असेल तर छताचा पंखा बंद करून टेबलफॅन सर्वात कमी वेगावर पायांकडे ठेवा, वारा माइकवर येता कामा नये. माइकवर स्पंजची टोपी हवीच. वाऱ्याचा थेट झोत आला की शब्द तुटतात, लांबची नुसती घरघर बऱ्यापैकी काढता येते.

आणखी एक, वर राहून गेलं. सांगणारा हाताने "एवढी मोठी परात" असं दाखवतो. ऐकणाऱ्याला ते दिसत नाही. लगेच शब्दांत बोलून घ्या: "म्हणजे दोन हात रुंद?" दर वेळी.

पंचांगी
सालं कशी पक्की करायची त्याबद्दल. "मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन" यावर विसंबू नका. सगळ्यांनी अनुभवलेली घटना मधे ठेवा आणि तिच्या आधीचं की नंतरचं ते विचारा. गांधीहत्येनंतरची जाळपोळ (३० जानेवारी १९४८ नंतरचे दिवस), मराठवाड्यात रझाकारांचा काळ आणि १७ सप्टेंबर १९४८ ची मुक्ती, नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७, पुण्यात पानशेतचा पूर १२ जुलै १९६१, गोव्याची मुक्ती १९ डिसेंबर १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३. भूकंपाबद्दल "तेव्हा मोठा मुलगा मांडीवर होता की चालत होता?" असं विचारलं की वर्ष सापडतं.

दुष्काळाबद्दल विचारताना सुकडी (तेव्हा वाटलं जाणारं कोरडं पौष्टिक खाणं), मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी), खडी फोडायचं काम हे शब्द वापरा. "दुष्काळात हाल झाले का?" याला "हो" एवढंच उत्तर येतं. "मिलोची भाकरी थापताना तुटायची का?" याला खरं उत्तर येतं.

जुन्या पत्रिकांत, लग्नाच्या याद्यांत शके असतं. गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. ही चूक अनेक वंशावळींत दिसते, माघातल्या लग्नाचं साल सरसकट एकाने मागे गेलेलं असतं. नुसतं संवत्सराचं नाव असेल तर अंदाजाने धरलेल्या शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी उरेल तो क्रमांक. बाकी १ म्हणजे प्रभव, साठांतलं पहिलं. १९२७-२८ आणि १९८७-८८ ही दोन्ही प्रभव, तेव्हा साठ वर्षांची गफलत होणार नाही हे दुसऱ्या पुराव्याने तपासा. फसली सन (जुनं महसुली वर्ष) असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवा, वर्ष पावसाळ्याच्या तोंडाशी बदलतं.

समईची वात
सगळं छान चाललंय, पण पागोळी यांचा मुख्य मुद्दा मूल्यांचा होता. माझं मत ओसरींपेक्षा वेगळं आहे. थेट विचारायला काय हरकत आहे? "तुमच्या आयुष्यात सगळ्यात महत्त्वाचं काय होतं?" हा प्रश्न विचारायला आपणच लाजतो. आयुष्यभर कोणी त्यांना हे विचारलेलं नसतं. त्यांना तो मान द्यावा. भाषण आलं तर येऊ दे, तेही त्यांचंच आहे.

ओसरी
समईची वात, मान देण्याबद्दल पूर्ण सहमत. माझा आक्षेप फक्त क्रमाला आहे. पहिल्या बैठकीत हा प्रश्न आला तर माणूस पाहुण्यांसमोर बोलावं तसं बोलतो. नंतरच्या बैठकांत तेच उत्तर चिकटून राहतं, कारण एकदा बोललेलं त्याला मोडवत नाही.

आधी घरातल्या कृती विचारा. शेवटी कोण जेवायचं, आणि तेव्हा भांड्यात काय उरलेलं असायचं? न्हाणीघरात पहिलं गरम पाणी कोणाला? उधार दिलेलं परत मागायला कोण जायचं, आणि नाही मिळालं तर काय करायचे? दारात आलेल्याला पाणी कोणत्या भांड्यातून मिळायचं? ते भांडं घरात घेताना काय करायचे? हा शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण टाळू नका. ज्या घरात माणसं बाहेर उभी राहायची आणि ज्या घरातली माणसं दुसऱ्याच्या दाराबाहेर उभी राहायची, दोन्हीकडे त्याची आठवण पक्की असते. चांगल्या संस्कारांची यादी करताना हे वगळलं तर नोंद खोटी होते.

माणदेशी
ओसरींच्या या मुद्द्याला धरूनच. वंशावळीची चर्चा सुरू झाली की कुलवृत्तान्त आणि तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या चोपड्या एवढंच बोललं जातं. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, ज्यांना तीर्थाला जायची सोय नव्हती, त्यांनी काय शोधायचं? मार्ग आहेत.

पहिला, शाळेचं जनरल रजिस्टर. निर्गम उतारा मागा. नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा कधी आणि का सोडली, एवढं त्यात मिळतं. जन्मतारीख १ जून दिसली तर ती खरी मानू नका. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहायचे, साल तेवढं अंदाजाचं.

दुसरा, कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहिलेले असतात, भूमिहीनांचेही. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मिळते. अर्जात गाव, नाव आणि फार तर पाच वर्षांचा टप्पा द्या, "१९३० ते १९४०" असं लिहिलं तर शोधणारा कंटाळतो. नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, बापाचं नाव आणि "मुलगा" किंवा "मुलगी" एवढंच असतं. म्हणून भावंडांचा क्रम आधी माणसांकडून पक्का करून न्या. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून अनेक जिल्ह्यांनी असे जुने कागद स्कॅन करून आपल्या संकेतस्थळांवर ठेवलेत, घरबसल्या बघता येतात.

तिसरा, कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात हेळवी. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरांच्या वंशावळी सांगणारे आणि लिहिणारे. ते दारी येतात तेव्हा मुद्रण करायला परवानगी विचारा आणि त्यांचा मान, धान्य, पैसे पूर्ण द्या. ही त्यांची विद्या आहे.

जमीन असेल तर सातबाऱ्यापेक्षा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, जास्त बोलका असतो. वारसाच्या फेरफारात मेलेल्याचं नाव, मृत्यूची तारीख आणि सगळे वारस ओळीने येतात. बहिणींनी हक्क सोडला असेल तर तेही.

माहेरवाट
बहिणींचा विषय निघाला म्हणून लिहिते. बहुतेक छापील वंशावळींत मुली नसतात आणि सुनांचं फक्त सासरचं नाव असतं. तुम्ही नवीन करताय तर ही चूक पुढे नेऊ नका. प्रत्येक बाईसाठी चार गोष्टी लिहा: जन्मनाव, माहेरचं आडनाव, माहेरचं गाव, लग्नानंतरचं नाव. लग्नात नाव बदललं असेल तर ते कोणी ठरवलं आणि जुन्या नावाने शेवटी कोण हाक मारत होतं, हेही विचारा. उत्तर देताना आवाज बदलतो.

वगळल्या जाणाऱ्या आणखी दोन गोष्टी: लहानपणी गेलेली मुलं आणि पहिली बायको. "एकूण बाळंतपणं किती?" असं विचारा, "मुलं किती?" असं नको. जिवंत राहिलेल्यांचीच मोजणी करायची सवय असते.

कागदावर झाड काढू नका, तिसऱ्या पिढीनंतर जागा पुरत नाही आणि मुलींचा विस्तार मावत नाही. ग्रॅम्प्ससारखी वंशावळीची मोफत संगणक प्रणाली वापरा आणि जेडकॉम या सगळ्या अशा प्रणालींत चालणाऱ्या स्वरूपात एक प्रत काढून ठेवा, म्हणजे उद्या ती प्रणाली बंद झाली तरी माहिती दुसरीकडे उघडते.

बोरू
घरात मोडी कागद निघाले तर आधी हे करा. फोटो खिडकीजवळ, एका बाजूने येणाऱ्या दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. पाठची कोरी बाजूसुद्धा काढा. पावती, साक्षी, "पावले" (म्हणजे मिळाले) असा शेरा बहुधा तिथेच असतो. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे मूळ आकार कळतो.

वाचता येत नसलं तरी काळाचा अंदाज लावता येतो. स्टँप कागद असेल तर त्यावरचा राजा किंवा राणी बघा. व्हिक्टोरिया म्हणजे १९०१ पर्यंत, सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०, पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६, त्यानंतर सहावा जॉर्ज. जुना छापलेला कागद नंतर वापरलेला असू शकतो, म्हणून हा फक्त अंदाज.

मोडीत शब्द तोडलेले नसतात, आधी रेघ ओढून अक्षरं तिला लटकवलेली असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. त्यामुळे वाचणारा जो अर्थ लावतो त्यात त्याचा अंदाज मिसळतो. म्हणून वाचून घेताना नुसता सारांश घेऊ नका. ओळीला ओळ असं देवनागरी लिप्यंतर मागा आणि शंकेच्या शब्दावर प्रश्नचिन्ह करायला सांगा. स्वतः शिकायचं असेल तर राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. रोज अर्धा तास दिला तर खतपत्र वाचण्याइतकी मोडी काही महिन्यांत येते. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे, तेव्हा टंकनही करता येतं.

कळकळीची विनंती: जुना कागद लॅमिनेट करू नका. प्लास्टिक उष्णतेने कायमचं चिकटतं, आत ओल राहिली तर कागद तिथेच सडतो आणि सोडवायचा उपाय नाही. चिकटपट्टीही नको, तिचा डिंक पिवळा होऊन शाई खातो. काजळीची शाई उन्हाने फिकी होत नाही, पण पाण्याच्या एका थेंबाने पसरते. त्यामुळे पुसायला ओलं फडकं कधीच नाही, मऊ कोरडा ब्रश.

खाकी पाकीट
फोटोंबद्दल. जुने कृष्णधवल फोटो बऱ्याचदा सव्वादोन इंच चौरस असतात, ते ६०० डीपीआयला स्कॅन करा, पोस्टकार्ड आकाराला ३०० चालतं. स्कॅनर नसेल तर फोनने वरून सरळ धरून, खिडकीच्या उजेडात.

सर्वात जास्त नुकसान चिकट पानांच्या अल्बमने केलंय, ज्यात वर पारदर्शक कागद ओढायचा असे. तो गोंद वर्षानुवर्षं फोटोच्या पाठीला खातो. काढताना टोक धरून ओढू नका, फोटो वाकून पृष्ठभागाला भेगा पडतात. दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू न्या. नाही सुटला तर पानासकट स्कॅन करा आणि राहू द्या. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर सोडवायचाच नाही, काचेसकट स्कॅन करा.

फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उमटतात. मऊ पेन्सिल, २बी किंवा ४बी, कडेला, हलक्या हाताने. आणि "डावीकडून" हे शब्द घाला: बघणाऱ्याच्या डावीकडून. नुसती नावांची रांग लिहिली की पुढच्या पिढीला कळत नाही कोणत्या बाजूने मोजायचं.

कोकणात लाकडी कपाटात ठेवू नका, बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळा संपला की दर वर्षी पुड्या बदला.

पत्रांवर तारीख नसली तर पोस्टाचा शिक्का भिंगातून बघा. पाठवणाऱ्या आणि पोचलेल्या, दोन्ही गावांचे शिक्के असू शकतात.

चिपटं मापटं
थोडं विषयांतर, पण लहानपणाची आठवण म्हटलं की ताटाशिवाय पुरी होत नाही. आजीच्या हातची कृती लिहून घेताना "अंदाजाने" हा शब्द आला की काय करायचं? त्यांचा हात थांबवू नका, वाटी-चमचा हातात देऊ नका, माप बिघडतं. मिठाचा, तिखटाचा, पिठाचा डबा आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि त्यांनी घेतल्यावर पुन्हा करा. फरक म्हणजे त्यांचं माप. तीन वेगळ्या दिवशी हेच करून सरासरी काढा. हाताची मूठ बाईगणिक बदलते, पण एकाच बाईची मूठ फार थोडी हलते.

जुनी मापं आली तर लगेच लिटर-किलो करू नका, त्यांच्या शब्दात लिहा आणि कंसात गाव लिहा. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, हे सगळीकडे साधारण सारखं, पण किती पायल्यांचा मण याबद्दल गावोगाव फरक आहे. भांडं अजून घरात असेल तर ते पाण्याने भरून मोजा आणि त्या गावचं माप नक्की करा.

रानजाई
वरच्या प्रतिसादांत ओव्या आल्याच नाहीत! समोर बसवून "ओवी म्हणा" म्हटलं तर दोन-तीन आठवतात आणि संपतात. जातं असेल तर मूठभर ज्वारी घालून ओढायला लावा. जातं नसेल तर हात तसे फिरवायला सांगा, किंवा तान्हं मूल मांडीवर द्या. लय मिळाली की ओवीमागे ओवी येते. दोन बायका एकत्र बसवल्या तर एक विसरते तिथून दुसरी उचलते. आणि कोणाची ओवी, कोणत्या गावची, हे त्यांच्याच तोंडून बोलून घ्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आणि त्यांतल्या अनेक आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या संकेतस्थळावर गायिकेच्या आणि गावाच्या नावासकट वाचता येतात. नोंद कशी ठेवावी याचा तो उत्तम नमुना आहे.

तिठा
मला एक धोक्याची बाजू मांडायची आहे. हे मुद्रण कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका, निदान लगेच नाही. जमिनीची वाटणी, कोणाचं दत्तक जाणं, कोणाची आत्महत्या, कोणाचं आधीचं मोडलेलं लग्न, हे सगळं भरात बोललं जातं आणि गटावर पडलं की त्या म्हाताऱ्या माणसालाच घरात जाब द्यावा लागतो. प्रत्येक बैठकीच्या शेवटी, माइक चालू असतानाच, विचारा: "यातलं काय कोणाला ऐकवू नको?" जे सांगतील त्याची मिनिटं वहीत लिहा, तो भाग वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि किती वर्षांनी उघडायचा तेही त्यांनाच ठरवू द्या.

भाऊ-बहिणींना एकत्र बसवू नका. मोठा बोलतो, बाकीचे माना डोलावतात. वेगवेगळं घ्या. दोघांची हकिकत जुळली नाही तर दोन्ही ठेवा, निवाडा करायला जाऊ नका.

दूरदेशी
मुलं परदेशात आणि आई-वडील गावी, अशा घरांसाठी. व्हिडिओ कॉल मुद्रित केला तर आवाज दाबलेला आणि तुटक येतो. त्याऐवजी गावी कोणाला तरी दुसरा फोन त्यांच्या जवळ ठेवून फक्त ध्वनिमुद्रण करायला सांगा. तुम्ही तुमच्या बाजूने तुमचा आवाज वेगळा मुद्रित करा. सुरुवातीला त्या बाजूच्या माणसाने एक टाळी वाजवायची, नंतर दोन्ही फाइली त्या टाळीवर जुळवायच्या. पाठवताना व्हॉट्सअॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. फोटो तर नक्कीच तसे पाठवा, नाहीतर ते बारीक होऊन येतात.

प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी. पेनड्राइव्ह कपाटात वर्षानुवर्षं पडला तर भरवशाचा नाही. वर्षातून एकदा, दिवाळीत म्हणा, प्रत्येक प्रत उघडून पाच मिनिटं ऐका.

शुश्रूषा
विस्मरणाचा आजार असलेल्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. त्यांच्याबरोबर वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि सकाळीच. संध्याकाळी गोंधळ वाढतो. "आठवतंय का?" हा प्रश्न पूर्ण वर्ज्य, त्याने त्यांना नापास झाल्यासारखं वाटतं. हातात वस्तू द्या: अडकित्ता, फिरकीचा तांब्या, नऊवारीचा तुकडा, पाटी. वस्तू हाताळताना बोलणं सुरू होतं. तेच तेच पुन्हा सांगितलं तरी मुद्रण चालू ठेवा, पाचव्या वेळी एखादा नवा तपशील येतो. गेलेल्या माणसाबद्दल तो जिवंत असल्यासारखं बोलले तर "ते गेले ना" असं सांगू नका, ते दुःख त्यांना पुन्हा नव्याने होतं.

सगळ्यांसाठीच: पाणी जवळ ठेवा, कवळी बसवलेली आहे का बघा, श्रवणयंत्राची बॅटरी बदला. एका बैठकीला पाऊण तास पुरे.

पागोळी
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं हाताशी येईल असं वाटलं नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या. मुद्रण झाल्यावर ते टंकून काढायला किती वेळ धरायचा? आणि माझा मूळ शेवटचा प्रश्न अर्धाच राहिला: त्यांना काय व्हायचं होतं, हे कसं विचारायचं?

ध्वनिलहर
एका तासाच्या मुद्रणाला टंकायला पाच-सहा तास धरा. फोनची मराठी बोलून-टंकायची सोय शहरी बोलीला ठीक आहे, पण अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी वळण आलं की ती शब्द प्रमाण करून टाकते, आणि तुम्हाला जपायचं असतं नेमकं तेच. वेळ नसेल तर पूर्ण टंकू नका, दर पाच मिनिटांना एक ओळ अशी सूची करा: "१५:०० विहीर खणली, १९५४च्या आसपास". सूची नसलेलं चाळीस तासांचं मुद्रण कोणी ऐकत नाही.

ओसरी
शेवटच्या प्रश्नाबद्दल. "तुम्हाला काय व्हायचं होतं?" या प्रश्नाला त्या पिढीतल्या अनेकांकडे उत्तर नाही, कारण तशी निवड त्यांच्यासमोर कोणी ठेवलीच नव्हती. मग जिथे वाट वळली ती जागा विचारा. शाळा कोणत्या इयत्तेत सुटली? त्या दिवशी घरी कोणी काय सांगितलं? सातवीच्या फायनलला बसवलं का? फायनल झालेल्यांना मास्तरकी मिळायची, मग ती का घेतली नाही? त्याच वर्षी भावाला कुठे घातलं, आणि त्याची फी कोणी भरली? पाटी-पुस्तकं कोणाला दिली?

समईची वात
हे पटलं. मी एक भर घालते. शेवटच्या बैठकीत, मूल्यांच्या प्रश्नाआधी, विचारा: "तुम्हाला वेळ आणि पैसा दोन्ही असता तर काय शिकला असता?" काहीजणी पोहणं म्हणतात, काही इंग्रजी, काही पेटी. मग लगेच विचारा की ते बघितलं कुठे होतं. ज्याच्याकडे बघून ते मनात आलं, त्या माणसाची सगळी हकिकत मागोमाग येते.

ओसरी
हा क्रम मीही आता असाच धरेन. पागोळी, बसताना त्यांना ज्या कानाने चांगलं ऐकू येतं त्या बाजूला बसा, समोर नको. नकाशाचा कागद दोघांच्या मधे ठेवा आणि पेन्सिल त्यांच्या हाताशी.